नानांचा दुपारचा किरण

नाना, ती लेन्स तुम्ही घेतली नव्हती, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला माहीत नाही, शेठला माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, या एका प्रश्नानं मला परवापासून एका जागी बसू दिलेलं नाही. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगून टाकतो. दुःख मागून आलं. आधी आलं ते असं की, आता हे विचारणारं कुणी उरलं नाही. सुटलो. लगेच स्वतःची किळस आली, पण आलं होतं ते आलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर आधी चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. मीही लिहिणार आहे, पण माझ्या चांगल्या शब्दांवर तुम्ही पटकन विश्वास ठेवू नका. मला तुमच्याबद्दल जे जे चांगलं माहीत होतं, ते सगळं मी एकदा तुमच्याच विरुद्ध वापरलेलं आहे.

जळगावच्या एमआयडीसीतलं आपलं ते पत्र्याचं शेड. प्लॅस्टिकच्या पाइपांवर नाव, माप, तारीख लिहिणारी लेझर मशिनं बिघडली की आपल्याकडे यायची. तुम्ही शेडमध्ये माझ्या आधीपासून होतात. शिक्षण आठवी, पण मशिनचं झाकण उघडायच्या आधी नुसत्या वासावरून पॉवर सप्लाय गेलाय की पंखा, ते सांगायचात. मी डिप्लोमा करून आलो, तर तुम्ही माझं नावच डिप्लोमा ठेवलंत. लेन्स पुसायला मला तुम्ही शिकवलंत. श्वास रोखायचा, कापूस एकदाच फिरवायचा, त्याच कापसानं परत हात लावायचा नाही. आज माझ्या हाताखाली चार मुलं आहेत, त्यांना मी हेच सांगतो. कुणाकडून शिकलो ते सांगत नाही.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक आरसा पडून फुटला होता. मशिनमधला तो बोटाएवढा आरसा, बाहेरून मागवलेला. शेठ आले तेव्हा मी तुकडे हातात घेऊन उभा होतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, पार्सलमध्येच फुटून आला, शेठ. शेठनी फोनवर कुरिअरवाल्याचा उद्धार केला. नंतर तुम्ही मला म्हणालात, त्याला शिव्यांची सवय आहे, तुला नाही. त्या दिवशी तुमच्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा आपण दोघांनी खाल्ला. मी जवळजवळ रडलो होतो आणि तुम्ही ठेचा तिखट असल्याचं मान्य करून मला वाचवलंत.

हीच गोष्ट पुढे माझ्या डोक्यात कशी फिरली ते ऐका. जो माणूस माझ्यासाठी इतक्या सहज खोटं बोलू शकतो, तो माझ्याशीही बोलत असेल. असा विचार मी केला, नाना. बराच काळ केला.

मग कॅमेरा आला. कारखानेवाले म्हणायला लागले की नुसतं 'दुरुस्त केलं' चालणार नाही, किरण किती रुंद आहे ते मोजून लेखी द्या. किरण बारीक असला तर अक्षर ठसठशीत उमटतं, पसरला की फिकट. लेन्स खराब असली की किरण पसरतो. म्हणून शेठनी कॅमेरा घेतला आणि तो माझ्या टेबलावर ठेवला. काळ्या काचा लावून लेझर मंद करायचा, कॅमेऱ्यावर पाडायचा आणि कॉम्प्युटरनं त्या चित्रावरून रुंदी काढायची. तुम्हाला त्याआधी रुंदी बघायला कॅमेरा लागत नव्हता. तुम्ही एसटीचं तिकीट धरायचात. सोमवारी धुळ्याहून यायचं, आठवडाभर इथे मेहरूण भागातल्या खोलीत राहायचं, शनिवारी परत, म्हणून तिकिटं तुमच्याकडे भरपूर. कंडक्टरच्या मशिनमधल्या छापील तिकिटाचा कागद उष्णतेनं काळा पडतो. त्यावर लेझरचा एक टिपका मारायचा, बाजूला पेननं वेळ लिहायची, डोळ्याजवळ धरून बघायचं. झालं तुमचं मोजमाप.

कॅमेऱ्याचं मला फार अप्रूप होतं आणि तुम्हाला त्याच्यात पहिल्या दिवशीच खोड दिसली. लेझर झाकला, पूर्ण अंधार केला, तरी पडद्यावर बारीक ठिपके वळवळत होते. त्याला आमच्या भाषेत नॉईज म्हणतात. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात,

"काय रे डिप्लोमा, तुन्हा कॅमेराले अंधारमा बी माश्या दिखतस."

तेव्हापासून शेडमध्ये त्यांना माश्याच म्हणायचे. मी तुम्हाला समजावलं होतं की हा दोष प्रत्येक कॅमेऱ्यात असतो, गरम झाला की वाढतो, आणि त्यावर उपाय आहे. आधी लेझर झाकून अंधाराचा फोटो घ्यायचा, मग लेझरचा फोटो घ्यायचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. माश्या गेल्या. तुम्ही विचारलंत की पहिल्या फोटोतल्या माश्या आणि दुसऱ्या फोटोतल्या माश्या एकाच जागी बसतात का. मी हसलो. चांगला प्रश्न होता, नाना. मी हसायला नको होतं.

त्या एकाच जागी बसत नाहीत. म्हणून वजाबाकी केली की काही ठिकाणी थोडं जास्त उरतं, आणि काही ठिकाणी शून्याच्याही खाली जातं. उणे. मला ते उणे आकडे बघवेनात. उजेड शून्यापेक्षा कमी कसा असेल? प्रोग्राममध्ये एक चौकोन होता, त्यात टिक केली की शून्याखालचं सगळं शून्य धरलं जायचं. मी टिक केली. चित्र एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मला वाटलं, मी माश्या मारल्या. ती टिक तीन वर्षांहून जास्त तशीच राहिली.

आता आपल्या कामाच्या वेळा आठवा. खान्देशातला उन्हाळा, वर पत्रा. तुम्ही उजाडताच शेडमध्ये हजर, बारापर्यंत मशिन उभं करायचात, जेवायचात आणि बाहेरच्या निंबाखाली तासभर पडायचात. तुमचं मशिन माझ्या टेबलावर मोजायला यायचं ते तीनच्या सुमारास, पत्रा तापून लाल झाल्यावर. मी उशिरा यायचो, उशिरापर्यंत बसायचो, त्यामुळे माझं मशिन मोजणं दुसऱ्या दिवशी सकाळवर जायचं. सकाळी कॅमेरा गार. दोन-तीन महिन्यांत माझ्या वहीत एक गोष्ट ठळक दिसायला लागली. माझ्या मशिनांचे किरण बारीक होते आणि तुमच्या मशिनांचे रुंद.

उन्हाचा विचार मी केला नव्हता असं नाही. केला होता, म्हणून तर पक्का फसलो. मी म्हटलं, दुपारी मोजताना मी अंधाराचा फोटोही दुपारीच घेतो, म्हणजे उन्हाचा हिशेब त्यात आला. मग उरलं कोण? तुम्ही.

संशय एकदा आत आला की त्याला खायला काहीही चालतं. तुम्ही मोबाईलवर हळू का बोलता. शनिवारी लवकर का निघता. जुन्या निकामी लेन्स चिंधीत बांधून का ठेवता. यातल्या प्रत्येकाचं उत्तर मला माहीत होतं. काकूंची शुगर, चारची गाडी, आणि लेन्सचं तर तुम्ही स्वतःच सांगितलं होतं की पेपर वाचायला बरी पडते. पण माहीत असलेली उत्तरं मी मोजायचंच बंद केलं. तुमच्या बाजूचं जे दिसेल ते शून्य, तुमच्या विरुद्धचं जे दिसेल ते जमा. चित्र स्वच्छ होत गेलं.

मग त्या पाइप कारखान्याचं मशिन आलं. त्याची लेन्स कडेला टवका उडून गेलेली होती. नवी मागवली, महाग होती, ती तुम्ही सकाळी बसवलीत. दुपारी मी मोजलं तर किरण जुन्या लेन्सच्या मानानं फारसा बारीक झालेलाच नाही. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मी ठरवलं, जुनीच लेन्स परत बसवून नवी तुम्ही ठेवून घेतलीत. तुम्ही निंबाखाली झोपला होतात आणि तुमची कापडी पिशवी खुंटीवर होती.

ती मी उघडली.

हेही आज पहिल्यांदाच सांगतोय. आत डबा, गोळ्यांचं पाकीट, आणि जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेली एक लेन्स. मी चिंधी सोडली. लेन्सच्या कडेला टवका उडालेला होता. म्हणजे ती जुनीच होती, नाना. ते माझ्या डोळ्यांनी मी बघितलं. आणि मी स्वतःला काय सांगितलं असेल? घाईत काढताना नवीचाही टवका उडू शकतो. मशिन उघडून आत बसवलेली लेन्स बघायचं मात्र मी टाळलं. चिंधी होती तशी बांधली आणि पिशवी खुंटीला लावली. त्यानंतर हात धुतले, ते कशासाठी धुतले कोण जाणे.

संध्याकाळी शेठसमोर मी कागद ठेवला. त्यात चोरी हा शब्द नव्हता. मी लिहिलं होतं, बसवलेली लेन्स नवी असल्याबद्दल शंका आहे, मोजमाप सोबत. शंका. किती सोयीचा शब्द निवडला मी. शेठनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही कागद वाचला नाहीत, माझ्याकडे बघितलंत, आणि खिशातून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवलीत. एक सकाळी लेन्स बसवल्यावरचं, एक दुपारचं. दोन्हींवरचे काळे टिपके सारखे दिसत होते. मी म्हणालो की कागदावर किती जळेल त्याचा काही नेम नसतो, इथे आकडा आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात,

"कागदले मन्ही भीड नही अन् तुन्ही बी नही."

मी म्हणालो, "कॅमेऱ्याला पण कुणाची भीड नसते, नाना."

कॅमेऱ्याला नव्हती. टिक मी केली होती.

शेठ वाईट माणूस नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, नाना, तुमचंही वय होत आलं, आता घरी आराम करा. तुम्ही वाद घातला नाहीत, आणि तुम्ही वाद घातला नाहीत हेसुद्धा मी तुमच्या विरुद्ध धरलं. खरा माणूस भांडला असता, असं मी त्या रात्री बायकोला म्हणालो. पाने तुमचे स्वतःचे होते, ते तुम्ही पिशवीत भरलेत. दारात थांबून मला म्हणालात, "निघतो, साहेब." आठ वर्षांत तुम्ही माझ्याशी अहिराणीशिवाय बोलला नव्हतात. ते पहिलं शुद्ध वाक्य.

एमआयडीसी म्हणजे एक गावच आहे. आठवड्याभरात 'नानांनी लेन्स मारली' हे चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर गप्प बसलो, आणि गप्प बसण्यातून लोकांना जे समजायचं ते समजलं. तुम्हाला कुठल्याही शेडमध्ये काम मिळालं नाही. धुळ्याला देवपुरात तुम्ही मिक्सर आणि शेगड्या दुरुस्त करायची टपरी टाकलीत, हे मला एका ड्रायव्हरकडून कळलं.

तीन वर्षांनी एका मे महिन्यात, भर दुपारी, मी एक मशिन मोजत होतो आणि लाईट गेली. लेझर बंद पडला. कॅमेरा लॅपटॉपला जोडलेला, लॅपटॉप बॅटरीवर, त्यामुळे पडदा चालूच राहिला. मी उठायला लागलो आणि सहज नजर गेली. पडद्यावर रुंदीचा आकडा होता. किरणच नाही, लेझर मेलेला, कॅमेऱ्यापुढे अंधार, आणि कॉम्प्युटर किरणाची रुंदी सांगतोय. तीही मघाच्या दुप्पट.

मी खुर्चीत बसलो. घाम गळत होता तो पुसला नाही. उत्तर समजायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अंधारातून अंधार वजा केला तर निम्म्या माश्या अधिक उरतात आणि निम्म्या उणे. दोन्ही ठेवल्या तर एकमेकींना खातात, बाकी जवळजवळ काही राहत नाही. मी उणे तेवढ्या पुसून टाकल्या होत्या. अधिक तेवढ्याच राहिल्या, आणि त्या सगळ्या पडदाभर पसरलेल्या. रुंदी काढायच्या गणितात मधल्या ठिपक्याला किंमत कमी आणि लांबच्या ठिपक्याला जास्त. कोपऱ्यातली एक एक माशी किरण ओढून रुंद करत होती. ऊन वाढलं की माश्या वाढणार, किरण फुगणार. सकाळी माझा बारीक, दुपारी तुमचा रुंद.

तुमच्या त्या लेन्सच्या दिवसाचे फोटो कॉम्प्युटरमध्ये होते. मी ते उघडले, टिक काढली, गणित परत चालवलं. लेन्स नवी होती. अगदी नवी, किरण लेन्स बनवणाऱ्यांनी लिहिल्याइतका बारीक. दुपारच्या तिन्ही फोटोंतला किरण तुमच्या दोन तिकिटांवरच्या टिपक्यांसारखाच, एकसारखा.

मग मी काय केलं? टिक काढलेलीच ठेवली. तेव्हापासून आमची मोजमापं चोख आहेत, नाना, कारखानेवाले वाखाणतात. एकाच्या जागी वीस फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो, किरणाभोवतीचा तेवढाच भाग मोजतो, बाकीचा पडदा सोडून देतो. आणि रोज सकाळी लेझर न लावता एकदा मोजून बघतो, की काहीच नसताना यंत्र काय म्हणतंय. मुलांना ते माझं कसब वाटतं. तुमचा जुना कागद मात्र फायलीत होता तिथेच राहू दिला. शेठनी तेव्हा नुकतंच सगळं शेड माझ्यावर सोपवलं होतं. माझं मोजमाप चोख म्हणूनच सोपवलं होतं. बोललो असतो तर तीन वर्षांतले सगळे कागद परत काढावे लागले असते. हे कारण खरं आहे. पुरेसं नाही, पण खरं आहे.

त्यानंतर मी धुळ्याला तुमच्या टपरीवर तीनदा आलो. दरवेळी सांगायचं ठरवून आलो. तुम्ही दरवेळी स्टूल पुढे केलंत, चहा सांगितलात, साहेब म्हणालात, मुलांची चौकशी केलीत. तुमच्या त्या सभ्यपणानं मला जास्त भीती वाटायची. तिसऱ्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, तुम्ही कुठल्याशा मिक्सरची मोटर उघडून बसला होतात. खाली बघत विचारलंत,

"माश्या कमी व्हयन्यात का रे?"

साहेब नाही. अहिराणीत. मी म्हणालो, हो, झाल्या कमी.

"कशा?"

कशा ते सांगितलं की सगळं सांगितल्यासारखं होतं. टिक काढली म्हटलं की टिक केव्हा केली होती ते आलं. मी म्हणालो, कॅमेरा नवा घेतला. ते खोटं होतं. कॅमेरा तोच आहे, अजून तोच आहे.

तुम्ही मोटरमधून स्क्रू काढलात, झाकणात ठेवलात आणि विचारलंत, "मंग जुनामा काय खोट व्हती?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. गाडीची वेळ झाली म्हणालो. तुम्ही थांबवलं नाहीत.

आता हा प्रश्न मी रोज उलटा-सुलटा करतो. तुम्ही कारागीर होतात, यंत्रात काय बिघाड होता हे जाणून घ्यायची तुमची सवय. नुसतं कुतूहल असेल. की तुम्हाला सगळं उमगलं होतं, बसल्या बसल्या, मिक्सर खोलता खोलता, आणि तुम्ही मला दार उघडून देत होतात? माश्या एकाच जागी बसतात का, हे विचारणारा माणूस पुढचं ताडू शकणार नाही का? कधी वाटतं, तुम्ही मला माफ केलं होतं आणि फक्त मी बोलायची वाट बघत होतात. कधी वाटतं, तुम्ही बघत होतात की हा आणखी किती खोटं बोलतो. दोन्हींतलं काय खरं ते मला कळत नाही. तुमच्याबद्दल संशय घ्यायची माझी सवय तुम्ही गेलात तरी गेलेली नाही.

तुमच्या दारावर बसायला, दुखवट्याला, मी तुमच्या मूळ गावी दोंडाईच्याला आलो होतो. पॅसेंजरनं आलो. ओसरीत सतरंजीवर पुरुष मंडळी बसली होती, कुणीतरी तंबाखू मळत होतं, पाण्यापावसाचं बोलणं चाललं होतं. मी भिंतीला टेकून बसलो. एकजण मला ओळखून म्हणाले, हे नानांबरोबर जळगावला होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, हात फार चांगला होता नानांचा. बसलेल्यांपैकी एकानं खाली बघितलं. मला ते दिसलं. हात चांगला होता या शब्दांचा त्यानं वेगळाच अर्थ घेतला असावा, किंवा घेतला नसेल, मला तसं वाटलं असेल.

दारावरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. न बोलता निघायची ही रीत मला किती सोयीची, असं म्हणत मी चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत गेलो तर मागून तुमची मनीषा आली. डोक्यावर पदर, पायात काही नाही. लहान असताना शेडमध्ये यायची, तेव्हा पाइपाच्या तुकड्यावर तिचं नाव लिहून दिलं होतं मी, लेझरनं. आता ती शाळेत शिकवते. तिनं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली,

"काका, एक विचारू? नानांनी ती लेन्स खरंच घेतली होती का?"

मी मागे ओसरीकडे बघितलं.

"आईला विचारता येत नाही. नानांना कधी विचारवलं नाही. माझं लग्न त्याच वर्षी झालं, म्हणून विचारते."

नाना, नऊ वर्षं ती हे घेऊन नांदतेय. तुमच्या मुलीला तुमचा संशय आहे. तो तिनं कुठून आणला असेल? तो मी माझ्या हातानं लिहून शेठच्या टेबलावर ठेवलेला होता. तिथून चहाच्या टपरीवर गेला, टपरीवरून धुळ्याला, धुळ्याहून तिच्या सासरी. ती माहेरी आली की तुम्ही तो दरवेळी तिच्या डोळ्यांत बघितला असेल का? आणि तरी मला स्टूल पुढे केलंत?

उत्तर दोन अक्षरांचं होतं. माझ्या तोंडातून निघालं ते असं:

"जुनी गोष्ट आहे, ताई. आता गेलेल्या माणसाचं काय काढायचं."

तिनं मान हलवली. दुखावली नाही, रडली नाही. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली आणि परत फिरली. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते चुकीचं होतं, आणि मी तिला तसं जाऊ दिलं. परतीच्या गाडीत नरडाण्यापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की दुःखाच्या घरी असलं बोलणं बरं नव्हे. नरडाण्यानंतर तेही सुचेना.

ही चार-पाच पानं मी आज सलग लिहिली. लिहून बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय याचाच मला संशय येतोय. गेलेल्या माणसाजवळ कबुली देणं सोपं असतं, तो उलट विचारत नाही. तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी चहा टाकून पळालो. म्हणून यालाच कबुली समजून मी मोकळा होईन, असं मला स्वतःला करू द्यायचं नाहीये.

तुमचं माझ्याकडे राहिलेलं काम एवढं आहे. त्या दिवसाच्या फोटोंच्या, टिक असतानाच्या आणि टिक काढल्यावरच्या, दोन्ही मोजण्यांचा एक कागद, त्यावर चूक माझी होती आणि लेन्स नवीच होती हे वाक्य, आणि खाली माझी सही. पहिला कागद ज्या हातांत गेला, त्या शेठच्या आणि कारखान्याच्या हातांत तो गेला पाहिजे. त्याच्याही आधी दोंडाईच्याला जाऊन मनीषाला तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, की नाही, घेतली नव्हती. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.